नवे डबे की आधी वायरी? कॅम्पसच्या वायफायचं काय करावं

बसाल्ट | शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका विद्यापीठात भूशास्त्र शिकवतो. (कोल्हापुरात आता विद्यापीठं एकाहून जास्त आहेत, तेव्हा कुठलं ते ओळखत बसू नका.) महिन्यापूर्वी मला वायफाय सुधारणेच्या समितीवर घेतलं. का, तर 'विज्ञानाकडचं कुणीतरी पाहिजे'. दगड हा माझा विषय, डब्यातलं काही कळत नाही.

परिस्थिती अशी आहे. कॅम्पस मोठा, इमारती लांब लांब. जुन्या काळ्या दगडाच्या, नव्या सिमेंटच्या. पॅसेजच्या छताला वायफायचे पांढरे डबे आहेत, त्यांच्यावर निळा दिवा लुकलुकतो. डब्याखाली उभं राहिलं की फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या. प्रयोगशाळेचं दार ओलांडलं की एक दांडी, तीपण येऊन-जाऊन. आमच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर नेट चांगलं मिळतं हे पोरांनी शोधून काढलंय. दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. शिपाईमामांनी त्या पायरीवर पोतं अंथरून दिलंय.

समितीपुढं दोन प्रस्ताव आहेत. एक कंपनी म्हणते, आहेत ते सगळे डबे काढा, त्याच जागी वायफाय ७ चे (नव्या पिढीचे) बसवू, दोन महिन्यांत काम संपवतो. आमच्या नेटवर्क विभागातला मुलगा (कंत्राटी आहे, त्यामुळे मीटिंगमध्ये हळूच बोलतो) म्हणतो की तेवढ्याच पैशात आधी वायरी आणि स्विच (सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात ती पेटी) बदला, डबे मागाहून बघू. रक्कम एकच आहे, दोन्ही होणार नाही. शनिवारी मी सगळी इमारत फोन हातात धरून फिरून आलो, पण त्यातनं अक्कल काही वाढली नाही. पंधरा दिवसांनी मीटिंग आहे. काय सांगू?

एमएच०९_नादखुळा | शनिवार, रात्री १०.३१

पोरांना सिमकार्डं वाटा. विषय संपला. उरलेल्या पैशात गावजेवण.

तांब्याची_तार | शनिवार, रात्री ११.०५

बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांबड लावतो.

तुमचा तो कंत्राटी मुलगा बरोबर बोलतोय. पाटालाच पाणी नसलं तर शेतात दारं धरून काय उपयोग? कंपनीला विचारा, हे नवे डबे तुम्ही जोडणार कशाला? डब्याला वीज नेटवर्कच्या वायरीतूनच जाते, त्याला पीओई म्हणतात. जुने स्विच पोर्टमागं (वायर खुपसायच्या एकेका भोकामागं) १५.४ वॉट देणारे असतात, त्यानंतरचे ३० वॉटचे. वायफाय ७ चा तीन बँडचा (तीन लहरपट्ट्यांवर बोलणारा) डबा पूर्ण ताकदीनं चालवायचा तर कधी कधी ३० सुद्धा कमी पडतात. आणि वीज कमी पडली म्हणून डबा बंद पडत नाही, इथंच तर गोम आहे. तो मुकाट्यानं एखादा रेडिओ बंद करतो, नाहीतर ताकद उतरवतो, आणि निळा दिवा लावून बसतो. पैसे सातचे मोजलेले आणि काम जुन्या डब्याचं.

मग स्विचचा पोर्ट. तो एक गिगाबिटचा असेल तर वर हवेत कितीही वेग असू दे, खाली तेवढंच उतरणार. मग एका इमारतीतून दुसरीत जाणारी फायबर, म्हणजे काचेची तार. जुन्या कॅम्पसवर पुष्कळदा ६२.५ मायक्रॉनची मल्टिमोड (जुन्या जातीची, जाड गाभ्याची फायबर) पुरलेली सापडते. तिच्यावर दहा गिगाबिटचं नेहमीचं एसआर मोड्यूल (टोकाला लावायचा, प्रकाश पाठवणारा भाग) ३३ मीटर चालतं. तेहतीस. तुमच्या दोन विभागांत अंतर किती?

शेवटचं म्हणजे वायर कापून बघा. मागं एका ठिकाणी (नाव नको) छत उघडलं. वायरीवर कॅट ६ (हा नेटवर्क वायरीचा दर्जा) छापलेलं. ब्लेडनं तार खरवडली तर वरचा लाल रंग निघून आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! गुजरीत पाव तोळा सोनं कुणी कसाला लावल्याशिवाय घेत नाही, आणि इथं हजारो मीटर वायर नुसत्या छापावर घेतात. असली तार वीज नेताना तापते, आणि लांबच्या डब्यापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचतच नाही. उलट खरी तांब्याची जुनी कॅट ५ई असेल आणि टोकं नीट बसवलेली असतील, तर ती १०० मीटरपर्यंत अडीच गिगाबिट ओढते. म्हणजे सगळीच वायर फेकायची गरज नाही. आधी मोजा.

खोली_२१४ | रविवार, सकाळी ९.४८

हॉस्टेलचं पण विचारा की कुणीतरी. आमच्यात रात्री दहाला मेस करून वर आलं की 'कनेक्टेड' दाखवतंय आणि नेट नाही. लॅपटॉपवर पत्ता बघितला तर १६९.२५४ नं सुरू होणारा कायतरी येतोय. रात्री दोनला उठलं की मात्र पळतंय. आमचं वायफाय घुबडाच्या जातीचं आहे.

आणि दुसरं, आमच्याकडून अर्जावर फोनचा मॅक पत्ता (नेटवर्कवर फोन ओळखायचा नंबर) लिहून घेतात. मी तीनदा लिहून दिला. तिन्ही वेळा वेगळा निघाला. क्लार्क मला म्हणतोय, तू खोटं बोलतोयस.

हळद_सांगलीची | रविवार, सकाळी १०.१५

@खोली_२१४, तू खोटं बोलत नाहीस, तुझा फोन बोलतोय. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतो. कुणी पाळत ठेवू नये म्हणून ही सोय आहे. नेटवर्क 'विसरून' परत जोडलं की तो बदलूही शकतो. त्यामुळे मॅक पत्ता वहीत लिहून घ्यायची पद्धत आता निकालात निघाली. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय बंद करता येतो, पण हे किती पोरांना सांगत बसणार?

आता १६९.२५४. याचा अर्थ लॅपटॉपनं पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक ठोकून दिला. पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडचा साठा संपलाय. साधारण एका गटात २५४ पत्ते असतात. तुमच्या विंगमध्ये माणसं किती आणि एकेकाकडं फोन, लॅपटॉप, घड्याळ धरून वस्तू किती, ते मोज. शिवाय एकदा दिलेला पत्ता किती दिवस राखून ठेवायचा याची मुदत असते. विंडोज सर्व्हरवर ती मुळात ८ दिवसांची असते, आणि कुणी बदलत नाही.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. रुमालवाला पुढच्या स्टँडवर उतरून घरी गेला तरी रुमाल आठ दिवस तिथंच. सीट रिकामी, पण बसता येत नाही. हॉस्टेलमध्ये मुदत काही तासांवर आणली आणि पत्त्यांचा गट मोठा केला की अर्धी रड थांबते. खर्च शून्य. दहा मिनिटांचं काम आहे.

खोली_२१४ | रविवार, सकाळी १०.२२

दोनला उठल्यावर का चालतंय मग?

हळद_सांगलीची | रविवार, सकाळी १०.४०

कुणाची तरी मुदत त्याच वेळी संपली आणि तुझा हात पहिला पोचला. नाहीतर तुला पत्ता आधीच मिळालेला होता आणि दहा वाजता हवेतच गर्दी होती. दोन वेगळे रोग आहेत, दुखणं सारखंच दिसतं. आज रात्री दहाला आणि दोनला, दोन्ही वेळा पत्ता बघून लिहून ठेव. खोलीत एकदा, पॅसेजमध्ये एकदा.

मुळामुठा | रविवार, दुपारी १२.०२

बसाल्ट सर, थोडं वेगळं मत मांडतो. इथं सगळे जुन्या गोष्टींत अडकलेत असं वाटतं. विद्यापीठ दरवर्षी वायफाय बदलत नाही. एकदा घेतलं की सात-आठ वर्षं तेच. मग आज वायफाय ५ किंवा ६ च्या पातळीवर थांबण्यात काय हशील? २.४ गिगाहर्ट्झमध्ये तर श्वास घ्यायला जागा नाही. आपल्याकडं २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, तोही आता भरत आलाय. खरी मोकळी जमीन ६ गिगाहर्ट्झमध्ये आहे. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारनं मे २०२५ मध्ये काढला. नवीन डब्यांत ती सोय असते. शिवाय जुन्या डब्यांना कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालं असेल तर ते ठेवणं हाच मोठा धोका आहे. या मुद्द्यावर तांब्याची_तार यांनी अवाक्षर काढलेलं नाही.

बसाल्ट | रविवार, दुपारी १२.३०

मुळामुठा, अपडेटचा मुद्दा लिहून घेतला, धन्यवाद. पण सर नाही हो, मॅडम.

मुळामुठा | रविवार, दुपारी १२.३४

क्षमस्व! पण आपण 'फिरून आलो', 'शिकवतो' असं लिहिलं आहे म्हणून...

एमएच०९_नादखुळा | रविवार, दुपारी १२.३६

पुण्याचा पाहुणा पहिल्यांदाच आलेला दिसतोय गावात. भावा, आमच्यात आई 'मी आलो' म्हणते, आजी 'मी जेवलो' म्हणते, बायको 'मी माहेरी चाललो' म्हणते. शेवटचं ऐकून आम्हाला आनंद होतोय ही गोष्ट वेगळी.

शांतता_राखा | रविवार, दुपारी १२.५०

ही शेवटची ओळ बायकोनं वाचली का? वाचली असेल तर मी चाललो म्हणायची पाळी तुमची.

आणि तुमच्या त्या सिमकार्डाबद्दल बोलायचंच होतं. मी ग्रंथालयात काम करतो (मीसुद्धा बाईच आहे, मुळामुठांनी घाबरू नये). 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या पोरांना ती सगळी फुकट. पण दार ओळखतं ते बहुतेक करून संस्थेच्या नेटवर्कच्या पत्त्यावरून. सिमकार्डावरून गेलात की प्रकाशकाच्या लेखी तुम्ही रस्त्यावरचे, एका लेखाला पैसे मोजा. घरून बघायची सोयही असते, पण तिथं लॉगिन लागतं आणि निम्म्या पोरांनी ते कधी केलेलंच नसतं. माझ्यासमोर एक एम. फार्म.ची मुलगी वाचनकक्षात वायफाय तुटलं म्हणून स्वतःच्या डेटावर गेली आणि 'पेपर विकत घ्या' म्हणतंय असं सांगत आली. सरकारनं पैसे भरलेत, कपाट उघडं आहे, आणि पोरगी चौकटीच्या बाहेर उभी.

एमएच०९_नादखुळा | रविवार, दुपारी १२.५८

सिमकार्ड मागे घेतो. गावजेवणावर ठाम आहे.

तांब्याची_तार | रविवार, संध्याकाळी ६.१५

मुळामुठा, अपडेटचं तुमचं बरोबर आहे, माझ्याकडून राहिलं. ज्या मॉडेलचे अपडेट बंद झालेत ते डबे उतरवलेच पाहिजेत. सगळे एकदम नाही, तेवढेच.

पण ६ गिगाहर्ट्झ दगडातून जायचं नाही. ५ सुद्धा जेमतेम जातं. आकडा जितका वर, तितकी भिंत जड पडते. वर हा पट्टा मुख्यतः इमारतीच्या आत, कमी ताकदीनं वापरायचा. म्हणजे डबा पॅसेजमध्ये ठेवून खोलीत ६ मिळेल ही आशा सोडा.

'त्याच जागी नवीन डबा' या प्रस्तावाचं खरं दुखणं हेच. जागाच चुकलेली आहे. पॅसेजमध्ये डबे लावतात कारण वायर ओढायला सोपं पडतं, खोल्यांच्या किल्ल्या मागाव्या लागत नाहीत. पण पॅसेज मोकळा असतो, सगळे डबे ओळीनं एकमेकांना ऐकतात. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं हा वायफायचा नियम. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सहा डबे एका रांगेत लावले की ते एकमेकांचं बोलणं संपायची वाट बघत बसतात. आणि खोलीतल्या फोनला भिंतीमुळे त्यातला एकही धड ऐकू येत नाही. डबे खोलीत घ्या, ताकद कमी ठेवा, म्हणजे भिंत तुमच्याच कामाला येते. शेजारच्या खोलीचा गोंगाट ती अडवते.

बसाल्ट | रविवार, संध्याकाळी ६.४०

हे माझ्या विषयात आलं! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे तो, तुमच्या सहा गिगाहर्ट्झला काय भीक घालणार. आमच्या विभागाची बाहेरची भिंत मी आज टेपनं मोजली. खिडकीच्या कोनाड्यात ५८ सेंटिमीटर.

निवृत्त_वायरमन | सोमवार, सकाळी ७.०५

सगळे हवेतलं बोलताय, जरा जमिनीतलं बोलतो. तुमच्या कॅम्पसवर एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तांब्याची नेटवर्क वायर लटकवलेली आहे का, ते आधी बघा. असेल तर वळवाच्या आधी काढा.

मी नोकरीत असताना एका संस्थेत हे डोळ्यांनी बघितलंय. मे महिना होता, दुपारी चारला पन्हाळ्याकडून आभाळ भरून आलं. वर्कशॉपपासून ऑफिसपर्यंत कुणीतरी आंब्याच्या झाडावरून वायर नेलेली. एकच कडाडलं. पाऊस थांबल्यावर गेलो तर खोलीत मासळी करपल्यासारखा वास. स्विचचे चोवीसपैकी अकरा पोर्ट काळे ठिक्कर, आणि पलीकडच्या टोकाच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड फुटलेला. वीज झाडावर पडलेलीच नव्हती, कुठंतरी लांब पडली होती. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो वायरीतून वाट काढतो. काचेच्या फायबरमधून असलं काही जात नाही. (फायबरच्या आत लोखंडी तार किंवा पत्रा असतो काहींत, तो मात्र टोकाला अर्थ करावा लागतो.)

अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून एकदा केला म्हणजे जन्माचं झालं असं नाही. उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, वर्षाला मोजावं लागतं. तुमच्या समितीतल्या कुणी कधी तो खड्डा बघितलाय का? बहुतेक ठिकाणी त्यावर कुंडी ठेवलेली असते.

बसाल्ट | सोमवार, सकाळी ९.१०

काका, खाली जाऊन बघून आलो. कुंडी आहे. कोरफडीची.

कंदी_पेढा | सोमवार, दुपारी ३.२५

लॉगिनचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. मागं एका परिषदेला जर्मनीत गेले होते. विमानतळावरून थेट तिथल्या विद्यापीठात पोचले, बॅग खाली ठेवायच्या आत फोन आपोआप जोडला गेला. एज्युरोम. आपल्या संस्थेचं नाव आणि पासवर्ड एकदा फोनमध्ये घातला की जगात कुठल्याही सहभागी विद्यापीठात तोच चालतो. भारतात हे एर्नेट (शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी सरकारी संस्था) चालवतं. माझी संस्था त्यात आहे हे मला स्वतःच्या कॅम्पसवर कधी कळलं नव्हतं, जर्मनीत कळलं.

आमच्याकडं अजून ते पान उघडतं, त्यात नाव टाका, पासवर्ड टाका, अर्ध्या तासानं परत टाका. फोन खिशात गेला की तुटलं. एज्युरोमसारखं केलं की प्रत्येकाचा स्वतःचा पासवर्ड, मॅक पत्त्याच्या वहीची गरजच नाही. खोली_२१४ आणि क्लार्क दोघांची सुटका.

हळद_सांगलीची | सोमवार, दुपारी ३.५०

+१. फक्त पहिल्यांदा फोनमध्ये घालताना सर्टिफिकेट (समोरचं नेटवर्क खरं असल्याचा दाखला) तपासायला लावा. 'तपासू नका' हा पर्याय निवडून दिला की कुणीही तेच नाव देऊन आपला डबा लावेल आणि पासवर्ड गोळा करेल. पोरांना हे शिकवायला एक टेबल मांडा प्रवेशाच्या आठवड्यात.

एमएच०९_नादखुळा | सोमवार, दुपारी ४.०१

१९०१ पासून बोर्डिंगं चालवणारं गाव आहे हे. शाहू महाराजांच्या वेळी बोर्डिंगात पोराला भाकरी मिळायची, आता पासवर्ड मिळत नाही.

लेखाशीर्ष | सोमवार, रात्री ९.३०

आतापर्यंत गप्प वाचत होतो. एका शैक्षणिक संस्थेच्या हिशेब विभागात उभी हयात गेली, त्यामुळे वेगळी बाजू सांगतो. तांब्याची_तार यांचं तांत्रिक म्हणणं सगळं मान्य. पण डबेच का घेतले जातात ते ऐका.

अनुदान येतं ते बहुधा 'उपकरणे' या शीर्षाखाली. डबा उपकरण आहे. त्याला नंबर आहे, साठा नोंदवहीत चढवता येतो, लेखापरीक्षक आला की बोट दाखवता येतं. भिंतीतून ओढलेली वायर उपकरण की बांधकाम? बांधकाम म्हटलं तर फाइल अभियंत्याकडं जाते, तिथं वेगळं दरपत्रक, वेगळी निविदा. अर्थिंगचा खड्डा तर देखभाल-दुरुस्तीत, तिथं कधीच शिल्लक नसते. आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत. फेब्रुवारीत जागी झालेली समिती काय घेणार? जे खोक्यात येतं ते.

वर सगळ्यात कमी दराचा माणूस घ्यायचा. निविदेत 'कॅट ६' एवढंच लिहिलं असेल तर तो मुलामा दिलेली तार देणार आणि आपण त्याला नाही म्हणू शकणार नाही. कागदावर तो बरोबर असतो.

राहिली एक गोष्ट. डब्याचं उद्घाटन होतं. वायरीचं कुणी केलेलं मी ऐकलं नाही.

तांब्याची_तार | सोमवार, रात्री १०.१०

लेखाशीर्ष साहेब, बावीस वर्षांत मला हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मी समजत होतो लोकांना कळत नाही म्हणून डबे घेतात.

मग यातून वाट काय? वायर, जॅक, पॅच पॅनेल, स्विच आणि डबा मिळून एकच 'वायरलेस यंत्रणा' म्हणून निविदा काढता येईल का?

लेखाशीर्ष | सोमवार, रात्री १०.३५

येते. पुरवठा, जोडणी आणि चाचणी एकत्र, असं लिहायचं. चाचणीत पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. तांत्रिक तपशिलात 'संपूर्ण तांब्याची तार' हे शब्द हवेत, नुसतं कॅट ६ नको. आणि चाचणी कशी घ्यायची ते निविदेतच हवं, नंतर सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

तांब्याची_तार | सोमवार, रात्री १०.४८

चाचणी मी सांगतो. दार लावून मोजा. ठेकेदार नेहमी दार उघडं ठेवून, डब्याखाली उभं राहून वेग दाखवतो. वर्ग भरलेला असताना, दार बंद, मागच्या बाकावर, साध्या फोनवर मोजायचं. भारी फोनवर नाही.

मुळामुठा | सोमवार, रात्री ११.०२

वर्ग भरलेला असताना हा मुद्दा महत्त्वाचा. रिकाम्या खोलीत कुठलंही वायफाय चांगलंच असतं. माणसांच्या अंगातलं पाणीही लहरी शोषतं.

खोली_२१४ | मंगळवार, पहाटे २.१४

सांगितल्याप्रमाणे मोजलं. रात्री दहाला खोलीत १६९.२५४, पॅसेजमध्ये पण १६९.२५४. म्हणजे पत्ते संपलेत. आता दोनला खरा पत्ता आला.

मग फोनवर एक ॲप टाकून आसपासची नेटवर्कं बघितली. चॅनेल ६ वर चौदा दिसली. त्यातली हॉस्टेलची दोन. बाकीची बारा पोरांचे हॉटस्पॉट आणि खोल्यांतले राउटर. एकाचं नाव 'मागू नको', एकाचं 'वॉर्डन ऐकतोय'.

त्यातला एक आमच्या खोलीचा आहे. कॉटखाली. आम्ही पण नेट चालत नाही म्हणूनच लावला होता.

शांतता_राखा | मंगळवार, सकाळी ८.२०

'मागू नको' तुमचा की 'वॉर्डन ऐकतोय'?

खोली_२१४ | मंगळवार, सकाळी ११.३०

मॅडम, ते विचारू नका.

हळद_सांगलीची | मंगळवार, दुपारी १२.१०

शाब्बास रे. असं मोजून आणलेलं समितीपुढं ठेवलं की कुणी 'पोरं उगाच तक्रार करतात' म्हणू शकत नाही. राउटर जप्त करून काही होणार नाही. हॉस्टेलचं नेट चाललं की ते आपोआप कॉटखालून निघतील.

एमएच०९_नादखुळा | मंगळवार, दुपारी १२.४०

मंडळी, मीटिंगला मिसळ कुठली मागवायची ते कुणी बोलत नाही. त्याशिवाय निर्णय होत नसतो.

कंदी_पेढा | मंगळवार, दुपारी १२.५५

तिखट मागवू नका. नाकातून पाणी आलेल्या लोकांनी सह्या केलेल्या निविदा मी बघितल्यात.

बसाल्ट | रविवार, रात्री ८.१५ (दोन आठवड्यांनी)

झाली मीटिंग. उशिरा लिहितोय, माफ करा.

सगळ्यात आधी खोली_२१४ चं मोजमाप वाचून दाखवलं (नाव, खोली, कॉट काहीही न सांगता). आमचा कंत्राटी मुलगा खाली मान घालून बसला होता. मी म्हटलं, पत्त्यांची मुदत किती आहे रे? तो म्हणाला, आठ दिवस, मॅडम, मी दोनदा लेखी कळवलंय, बदलायची परवानगी आलेली नाही. परवानगी तिथल्या तिथं मिळाली. आता तीन तास केलीय आणि गटही वाढवलाय. त्या रात्रीपासून त्याच्या फोनवर हॉस्टेलच्या तक्रारी निम्म्याही येत नाहीत. एक रुपया लागला नाही.

कंपनीच्या माणसाला मी वॉट विचारले. त्यानं माहितीपत्रक चाळलं आणि 'आमचे इंजिनिअर कळवतील' म्हणाला. मग आम्ही सगळे उठून पॅसेजमध्ये गेलो, शिपाईमामांनी शिडी धरली आणि मुलानं छताची एक टाइल सरकवून वायरीचं टोक काढलं. माझ्याकडं फील्डवरचा चाकू असतोच. खरवडलं. लाल निघाली, आतपर्यंत लाल. तांब्याची_तार, तुमच्यामुळे मला वाटलं होतं पांढरी निघणार, आणि जरा वाईटसुद्धा वाटलं! म्हणजे मुख्य इमारतीतली वायर ठेवता येते. फायबर मात्र तुम्ही म्हणालात तीच, ६२.५. ती बदलायची. झाडावरून गेलेली तांब्याची वायर दोन ठिकाणी सापडली. त्या उतरवल्या, आता त्या दोन इमारतींना नवी फायबर मिळेपर्यंत ऑफिसमधले लोक माझ्याशी बोलत नाहीत.

ठरलं असं की एक हॉस्टेल आणि आमचा विभाग एवढंच आधी करायचं. स्विच, फायबर, अर्थिंग, आणि डबे खोल्यांत. निविदा लेखाशीर्ष यांच्या सांगण्याप्रमाणे एकत्र, दार लावून चाचणी. ज्यांचे अपडेट बंद झालेत ते डबे पहिले बदलायचे, मुळामुठांचा मुद्दा जसाच्या तसा घातलाय. वायफाय ६ की ७ यावर मात्र अजून भांडण चालू आहे.

आता नवीन अडचण. खोलीत डबा घ्यायचा तर भिंतीतून वायर न्यायला भोक पाडायला हवं. आतली भिंतसुद्धा दगडीच आहे, ४५ सेंटिमीटर. काल नमुना म्हणून एक भोक पाडायला माणूस आणला. त्याचं बिट एक वीत आत गेलं आणि मोडलं. तुकडा अजून भिंतीत आहे. तो माणूस म्हणतो, असला दगड बघितला नाही. मी म्हटलं, मी तीस वर्षं तेवढंच बघतोय.

निवृत्त_वायरमन | रविवार, रात्री ८.४०

साधं हॅमर ड्रिल नको. कोअर कटिंगवाला बोलवा, हिऱ्याच्या दातांचा, पाणी सोडत कापतो. आणि भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून आत येतं.

तांब्याची_तार | रविवार, रात्री ८.५२

त्याआधी दाराच्या चौकटीवरची झडप बघा. जुन्या दगडी इमारतींत दारावर हवेसाठी झरोका ठेवलेला असतो. लाकडी पट्टी काढून वायर तिथूनच आत घेता येते का?

बसाल्ट | रविवार, रात्री ९.०५

झरोका आहे. वर्षानुवर्षं पुठ्ठा लावून बंद केलाय, पारव्यांसाठी. उद्या सकाळी मामांना घेऊन पुठ्ठा काढून बघतो.

एमएच०९_नादखुळा | रविवार, रात्री ९.०७

पारव्यांना पासवर्ड देऊ नका म्हणजे झालं.